खांबावरची गुंडाळी

बाबा गेले त्या दिवशी आमचा टीव्ही कोणी रिमोटनं बंद केला नव्हता. त्यांना गाडीत घालून आम्ही गोंदियाच्या दवाखान्यात निघालो तेव्हा तो चालूच होता. संध्याकाळी शेजारच्या धुरपताकाकी घर झाडायला आत आल्या. त्यांनी त्याचा प्लग ओढून काढला आणि दोरीवरचं आईचं धुतलेलं लुगडं त्याच्यावर टाकलं. हे जानेवारीत झालं. मार्च संपत आला तरी लुगडं तिथंच होतं. आई रोज पुढची खोली झाडायची, लुगड्यावरची धूळ झटकायची आणि ते पुन्हा नीट करून ठेवायची.

बाकीचं घर तेरवीनंतर सुरू झालं होतं. मोठ्या मामीनं चुलीवर कढई ठेवून वडे तळले, त्या दिवसापासून घरात तेलाचा वास आला. मामानं माहेरचं लुगडं दिलं, तेव्हापासून आई बाहेर पडू लागली. चुलतकाकांनी तलावाचं पाणी आमच्या शेताच्या बांधीत वळवून दिलं आणि उन्हाळी धानाची रोवणी झाली. आई स्वयंपाक करायची, बांधीवर जायची, विचारलं तर उत्तर द्यायची. रडत नव्हती. काम संपलं की मागच्या पडवीवजा सपरीत भिंतीला टेकून बसायची. तिथून न्हाणीच्या भिंतीशिवाय काही दिसत नाही.

मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे आणि गोंदियाच्या एका राइस मिलच्या लॅबमध्ये काम करते. धानाची आर्द्रता, तांदळातला तुकडा, असं मोजते. बाबा होते तोवर मी गोंदियातच खोली घेऊन राहत होते. आता आईसाठी रोज बसनं येणं-जाणं करत होते. मलाही फारसं काही वाटत नव्हतं. सडक अर्जुनीपर्यंत खिडकीबाहेर पाहत यायची आणि उतरताना काय पाहिलं ते सांगता आलं नसतं.

हेमेंद्रदादा नागपूरला असतो, एका गाड्यांच्या शोरूममध्ये हिशोब पाहतो. टीव्ही त्यानंच आणलेला, आणि त्यावरच्या ॲपचे पैसे त्याच्याच खात्यातून कापले जायचे. एका रविवारी त्याचा फोन आला.

"पुन्हा भाव वाढवला गं यांनी. मेसेज आला. आई पाहते का काही?"

"नाही."

"मला दिसतं ना ॲपमध्ये. जानेवारीपासून काहीच पाहिलेलं नाही. एक एपिसोडसुद्धा नाही." तो पुढे म्हणाला, "माणूस टीव्ही पाहत असला तर समजायचं ठीक चाललंय. ती नुसती बसून राहते, तू दिवसभर गोंदियाला. कधी चक्कर येऊन पडली तर कोणाला कळणार? मी अक्षय तृतीयेला घागर भरायला येतोय. तेव्हाच तिला घेऊन जातो. बांधी ठेक्यानं देऊ."

"तिला विचारलंस?"

"विचारलं. 'पाहू' म्हणाली."

ती सगळ्यालाच 'पाहू' म्हणत होती. भाजी कोणती करायची विचारलं तरी पाहू. दादा तिला ओढून नेणार नव्हता, पण ओढायची गरजही नव्हती. कोणी हाताला धरून गाडीत बसवलं असतं तर ती बसली असती, आणि नागपूरच्या फ्लॅटमध्ये दुसऱ्या एखाद्या भिंतीसमोर बसून राहिली असती. तिची तलावाखालची बांधी दुसऱ्याची झाली असती. मला ते नको होतं. तिला काय हवं होतं ते तिलाही सांगता येत नव्हतं. दादाचं माप मात्र ठरलेलं होतं: टीव्ही पाहते का?

त्या टीव्हीची गोष्ट अशी. तीन वर्षांपूर्वी दिवाळीत दादानं तो आणला तेव्हा आमच्याकडे खेमराजकाकांचं केबल होतं, महिन्याला तीनशे रुपये. दादानं बाबांना मोबाइलवर हिशोब करून दाखवला की एका ॲपचे वर्षाचे पैसे केबलच्या तीन महिन्यांएवढे होतात. हिशोब बरोबर होता. फक्त तो एका ॲपचा आणि त्या एका वर्षाचा होता. मग क्रिकेट दुसऱ्या ॲपवर गेलं, आईची मालिका तिसऱ्यावर. त्यांच्यासाठी फायबरचं कनेक्शन लागलं. पैसे भरूनही मधे जाहिराती यायला लागल्या, त्या नको असतील तर आणखी वरचा भाव. प्रत्येकाची वाढ वेगळ्या महिन्यात व्हायची, त्यामुळे कोणत्याच महिन्यात वाढल्यासारखं वाटायचं नाही. मी एकदा त्याचा आलेख काढला. दुसऱ्या उन्हाळ्यात ती रेघ केबलच्या सरळ रेघेला छेदून वर गेली होती. बाबांना दाखवला तर त्यांनी चष्मा लावून पाहिला आणि म्हणाले, "मंग? आता खेमराजले बलावू का? कोन्या तोंडानं बलावू?" तो विषय तिथंच संपला.

मी एका तासाच्या पाहण्याला किती खर्च येतो तेही काढायची. बाबा खूप पाहायचे म्हणून तो आकडा लहान असायचा. जानेवारीनंतर खाली शून्य आलं, आणि शून्यानं भागता येत नाही.

दादाच्या फोननंतर मी ठरवलं की आई टीव्हीसमोर का बसत नाही याचं कारण शोधायचं. कारणं मोजकीच असू शकत होती. पहिलं मला अगदी स्पष्ट दिसत होतं. ॲप उघडलं की 'कोण पाहत आहे?' असं विचारून तीन चौकोन दाखवतं. त्यात एक बाबांचा होता, टिकाराम, सोबत दादानं निवडलेलं पेंग्विनचं तोंड. मी दादाला सांगून तो काढून टाकायला लावला. मग शनिवारी लुगडं घडी करून बाजूला ठेवलं आणि आईची मालिका जिथं थांबली होती तिथून लावली.

आई सुपात तांदूळ घेऊन उंबऱ्यापर्यंत आली. स्क्रीनकडे पाहिलं.

"पाह्य तू," म्हणाली आणि सपरीत गेली.

म्हणजे पेंग्विन कारण नव्हतं. मग मला वाटलं, बाबांच्या खुर्चीसमोर बसणं तिला जड जात असेल. मी माझा मोबाइल स्वयंपाकघरात डब्याला टेकवून त्यावर मालिका लावून दिली. ती भाजी चिरत राहिली. थोड्या वेळानं मी गेले तर मोबाइल पालथा ठेवलेला होता आणि आवाज ओट्यावर दबून येत होता.

"चार्जिंग संपते ना," ती म्हणाली.

पैशाचंही विचारून पाहिलं.

"आई, तू पाहत नाहीस तरी पैसे जातच आहेत."

"कोनाले?"

"ॲपवाल्यांना. दादाच्या खात्यातून आपोआप जातात."

"तेरवीतबी गेले?"

"हो. त्यांना काय माहीत."

तिनं मान हलवली. राग नव्हता त्यात, आश्चर्यही नव्हतं. "बंद कराले सांग," म्हणाली. मी लुगडं परत टीव्हीवर टाकलं.

एप्रिलच्या सुरुवातीला धुरपताकाकींची सासू गेली. फार म्हातारी होती, वर्षभर खाटेवरच होती. मी बसमधून उतरून आले तेव्हा त्यांच्या अंगणात माणसं जमली होती आणि आमच्या दोन घरांच्या मधल्या खांबाला बांबूची शिडी लावून खेमराजकाका वर चढले होते. त्यांनी खांबावरच्या डब्यातून एक पिन ओढली, मोकळं टोक वळवून खांबाला बांधलं आणि खाली उतरले. कोणाशी न बोलता शिडी खांद्यावर टाकून बाजूला उभे राहिले, मग बाकीच्यांसोबत घाटावर गेले.

हे मी लहानपणापासून पाहत आले होते, म्हणून त्याकडे कधी पाहिलंच नव्हतं. आमच्या भागातल्या केबलवाल्यांची सगळ्यांची अशी रीत आहे की नाही मला माहीत नाही, खेमराजकाकांची होती. घरात माणूस गेलं की ते स्वतः येऊन त्या घराची वायर खांबावरून काढायचे. तेरवीच्या दिवशी जेवून परत शिडी लावायचे आणि जोडून द्यायचे. जोडल्यावर त्या घरचा चहा प्यायचे. मधल्या दिवसांचे पैसे घ्यायचे नाहीत. त्यामुळे टीव्ही बंद कधी करायचा आणि सुरू कधी करायचा हे दुखवट्याच्या घरी कोणाला ठरवावं लागत नसे.

काकींकडची तेरवी रविवारी आली. जेवणं उरकली, पत्रावळी उचलल्या गेल्या, बाया ओसरीवर पान खात बसल्या. आई आणि मी आमच्या फाटकाशी उभ्या होतो. खेमराजकाकांनी खांबाला शिडी लावली.

"भाऊ, तेरा दिवसाचे कापशीन ना?" धुरपताकाकींनी ओसरीवरून विचारलं.

"पाहा बाप्पा," खेमराजकाका वरूनच म्हणाले, "सासू गेली, अन् हिले तेरा दिवसाचे पैसे आठवून राहिले."

"बुढी राहती तं तिनंबी हेच इचारलं असतं."

"हे मातर खरं हाय. तिनं मले एका रुपयासाठी दोनदा वापस पाठवलं होतं."

बाया हसल्या. काकीही हसल्या आणि हसता हसता पदरानं डोळे पुसले. आतून टीव्हीचा आवाज आला, एकदम मोठा, मग कोणीतरी कमी केला. खेमराजकाका उतरून ओसरीच्या कडेला बसले आणि चहा बशीत ओतला.

आई पाहत होती. हातातला लोटा तिनं तसाच धरलेला होता, पाणी तिरकं होऊन कडेपर्यंत आलं होतं. तीन महिन्यांत मी तिला कशाकडे इतका वेळ पाहताना बघितलं नव्हतं.

"आई," मी विचारलं, "खेमराजकाका आपल्याकडं आलेच नाहीत ना बाबांच्या वेळी?"

"आलता ना. जेवून गेला."

"तसं नाही. जोडायला."

आईनं लोटा सरळ केला. "आपल्याकडं वायर कुठं हाये," म्हणाली आणि घरात गेली.

मी फाटकाशीच उभी राहिले. कढई मामीनं ठेवली होती. लुगडं मामानं दिलं होतं. पाणी चुलतकाकांनी वळवलं होतं. यातलं एकही काम आईनं स्वतः सुरू केलं नव्हतं, कारण ते तिनं करायचंच नसतं. बाहेरचं माणूस येतं आणि करून देतं, मग घरचं माणूस त्याच्या मागून चालायला लागतं. टीव्हीचं राहून गेलं होतं. त्याची वायर काढायलाही कोणी नव्हतं आणि जोडायलाही. मी टीव्ही लावून पाहिला, पण मी घरचीच होते.

दुसऱ्या दिवशी मिलमधून लवकर निघून मी सडक अर्जुनीला हायवेवरच्या खेमराजकाकांच्या दुकानात गेले. आधी ते दुकान केबलचं होतं. आता बाहेर मोबाइल रिचार्जची पाटी होती, आत मिक्सर आणि पंखे उघडून ठेवले होते आणि कोपऱ्यात फायबरच्या वायरची रिळं. ते स्टुलावर बसून एका मिक्सरचा ब्रश बदलत होते.

"काका, आम्हाला केबल पाहिजे."

"कायले?" त्यांनी मान वर केली नाही. "फायबर हाये ना तुमच्याकडं. मीच तं लावून देल्लं. आता मीबी थेच लावत फिरतो. केबलचे घरं किती राह्यले, बोटावर मोजाचे. आज हाये, उद्या नाही."

"तरी पाहिजे."

"हेमेंद्रनं सांगतलं का?"

"नाही. त्याला माहीत नाही."

मग मी त्यांना सांगितलं. लुगडं, सपरी, काकींच्या तेरवीला आईनं काय म्हटलं ते, आणि दादा अक्षय तृतीयेला न्यायला येणार आहे ते. मी नीट क्रमानं सांगितलं, लॅबमध्ये सांगते तसं. बाहेरून एक लांब ट्रेलर गेला आणि दुकानाचं शटर थरथरलं. त्यांनी पेचकस खाली ठेवला.

"टिकारामभाऊच्या तेरवीले मी आलो तं जेवण झाल्यावर शिडी घ्याले गेलो," ते म्हणाले. "सवयीनं. सायकलपर्यंत गेलो अन् मंग ध्यानात आलं. म्हणलं, इथं आपलं का काम? हात धुतले अन् आलो. थ्या दिवशी वयनीनं मले पाह्यलं असंल."

"मग देता का कनेक्शन?"

"नवीन कनेक्शन दुखवट्याच्या घरी नाही देत मी. नवीन वायर टाकनं म्हणजे नवीन घर, लगन, असं काही राहते. लोकं म्हणतीन, नवरा गेला अन् हिनं केबल घेतलं."

"दुखवटा संपला की, काका."

"तू म्हणतं ना संपला. तुही माय म्हणते का?"

 त्यांनी मिक्सर उलटा केला, सरळ केला.

"वायर हाये तुमची," मग ते म्हणाले. "खांबावर."

"कोणती?"

"जुनी. लोकं केबल बंद करतात तं मी वायर नाही नेत. गुंडाळी करतो अन् खांबालेच बांधून ठेवतो. कधी वापस येतीन तं काम कमी. येत कोनी नाही. पण ठेवतो." ते हसले, पण आवाज न करता. "थे जोडता येते. थे नवीन नाही, जुनंच हाये. डब्बा हाये का घरी?"

केबलचा तो सेट-टॉप बॉक्सचा डबा होता. टीव्हीखालच्या फळीवर आईनं त्यावर रुमाल टाकून घड्याळ ठेवलं होतं. तीन वर्षं तो डबा आहे हे आम्ही विसरलो होतो.

"उद्या नोको, अमुश्या हाये," काका म्हणाले. "परवा दुपारी येतो. अन् पाह्य, पैसे लागतीन. फुकट म्हणशीन तं मी नाही येत. महिन्याचे महिन्याले घेईन, पयले घेत होतो तसे. भाव थोडा वाढला हाये."

"किती?"

"पन्नास."

मी मनात रेघ पन्नासनं वर सरकवली. ती अजूनही बरीच खाली होती.

मी परवाची सुट्टी घेतली. आईला फक्त एवढं सांगितलं, "दुपारी खेमराजकाका येणार आहेत." तिनं कशासाठी ते विचारलं नाही. पण दुपारी मी पाहिलं तर ती सपरीत नव्हती, स्वयंपाकघरात होती, आणि चहाचं पातेलं घासून पालथं ठेवलेलं होतं.

काका सायकल ढकलत आले. खांबाला शिडी लावली आणि चढले. गुंडाळी खरोखरच होती. पावसापाण्यानं ती काळीची राखाडी झाली होती आणि तिच्यात एका पक्ष्यानं काड्या आणून ठेवल्या होत्या. काकांनी काड्या काढून खाली टाकल्या, सुतळी तोडली आणि वायर सोडली. ती उलगडताना जुनी वळणं धरूनच राहिली; त्यांना दोनदा हातानं ओढून सरळ करावी लागली. छपराच्या कडेला जुना खिळा होता, तिथं ती अडकवली. टोक कापून नवीन पिन लावली. आई दारात उभी होती.

"वयनी," काका शिडीवरून म्हणाले, "उशीर झाला."

"हो," आई म्हणाली.

"जोडू?"

मला वाटलं ती 'पाहू' म्हणेल.

"जोडा ना," ती म्हणाली. "उन्हात कायले उभे राहता."

पिन आत गेल्याचा आवाज खालपर्यंत येत नाही. मी मात्र तो ऐकायचा प्रयत्न करत होते. काका आत आले. त्यांनी लुगड्याला हात लावला नाही. टीव्हीजवळ उभे राहून आईकडे पाहिलं. आईनं लुगडं काढलं, घडी घातली आणि काखेत धरलं. काकांनी घड्याळ आणि रुमाल माझ्या हातात दिले, डबा जोडला आणि मोबाइलवर कोणाशी तरी बोलून आमचा नंबर सुरू करून घेतला. बराच वेळ काळा पडदा होता. मग चित्र आलं. काकांचाच लोकल चॅनल होता. दिवाळीनंतरच्या कुठल्यातरी मंडईच्या जत्रेतल्या दंडारीच्या खेळाचं जुनं चित्रण चालू होतं, आणि खाली पट्टी सरकत होती: हरवलेली म्हैस, डॉक्टरांचा येण्याचा वार, कोणाची तरी तेरवी.

आईनं चहा आणला. काकांनी तो बशीत ओतून पूर्ण प्यायला.

"साखर कमी आहे का?" मी विचारलं.

"नाही. बरोबर हाये." त्यांनी कपबशी जमिनीवर ठेवली. "दहा तारखेले येतो मंग, पैशासाठी. घरी राहजा, वयनी."

"राहतो," आई म्हणाली.

ते गेल्यावर आई लगेच टीव्हीसमोर बसली नाही. कपबशी विसळली, लुगडं पेटीत ठेवलं, मग मिरच्यांची टोपली घेऊन पुढच्या खोलीत आली आणि भिंतीशी बसून देठ काढू लागली. पडद्यावर एकजण डफ वाजवत होता.

"हा सुकराम होय," ती म्हणाली. "मेला मागल्या साली."

"मग काय, बंद करू?"

"काऊन?" ती म्हणाली आणि पुढची मिरची घेतली.

अक्षय तृतीयेला दादा सकाळीच गाडी घेऊन आला. आईनं बाबांच्या नावानं घागर भरली, आम्ही जेवलो. दारापाशी एक पिशवी होती. दादानं आदल्या दिवशी फोनवर सांगितलं म्हणून मीच त्यात आईची दोन लुगडी आणि औषधं भरून ठेवली होती. आईनं ती पाहिली होती. बाजूला केली नव्हती, उघडलीही नव्हती.

"ॲपमध्ये अजून काहीच दिसत नाही," दादा हात पुसत मला म्हणाला. "तू तर म्हणालीस पाहते म्हणून."

"केबलवर पाहते. ते तुला कुठून दिसणार?"

"केबल?" त्यानं टीव्हीकडे पाहिलं, मग खालच्या डब्याकडे. "म्हणजे आता दोन्हीचे पैसे चालू?"

"ते बंद कर," आई आतून म्हणाली.

दादानं मोबाइल काढला आणि खुर्चीवर बसून एकेक ॲप बंद करू लागला. सोपं नव्हतं ते. प्रत्येक जण पुन्हा पुन्हा विचारत होता, नक्की का, अर्ध्या भावात देऊ का, एक महिना थांबता का. "जाण्याचं कारण निवडा," दादानं मोठ्यानं वाचलं. "किंमत जास्त आहे. हवे ते कार्यक्रम नाहीत. दुसरी सेवा वापरतो. काय लिहू?"

"कोनाले सांगाचं हाये?" आईनं बाहेर येत विचारलं.

"कोणालाच नाही. मशीन विचारते."

"मंग काही लिही."

त्यानं 'इतर' निवडलं. मोबाइल खिशात ठेवला आणि थोडा वेळ टीव्ही पाहत बसला. आई त्याच्या शेजारी नाही, तिच्या भिंतीशी बसली होती. ऊन कलायला लागलं तेव्हा तो उठला आणि पिशवी उचलली.

"चल आई. अंधाराच्या आत नागपूरला पोचू."

आईनं त्याच्याकडे पाहिलं. "धान कापनीले आला हाये."

"ते चुलतकाका पाहतील. मी बोललोय त्यांच्याशी."

"अन् दहा तारखेले खेमराज येते."

"कशाला?"

"महिन्याचे पैसे न्याले. मी घरी राहतो म्हणलं त्याले."

"अगं, मी ऑनलाइन टाकतो त्याला. आत्ता टाकतो, नंबर दे."

"नाही," आई म्हणाली. आवाज नेहमीसारखाच सपाट होता. "तो येते. हाक मारते. घरी कोनी पायजे ना."

"एवढ्यासाठी?"

 दादा पिशवी धरून उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार होते? ती बरी झाली आहे असं मी म्हणू शकले नसते. मी एवढंच पाहिलं होतं की जानेवारीपासून तिनं पहिल्यांदा कशालातरी नाही म्हटलं होतं, आणि पुढच्या एका तारखेचं नाव घेतलं होतं.

दादानं पिशवी खाली ठेवली. "दहा तारखेनंतर मग," म्हणाला.

"अकराले तुलेच येवाचं असंल तं ये," आई म्हणाली. "धान पोत्यात भराले माणूस लागते."

तो गाडीपर्यंत गेला, परत आला, तिच्या पाया पडला आणि गेला. खेमराजकाकांचा नंबर त्यानं माझ्याकडून घेतला होता; पैशासाठी नाही, दहा तारखेला आई घरी होती का ते विचारण्यासाठी, असं तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बससाठी निघाले तेव्हा टीव्ही सुरू होता. धानाचे भाव सांगत होते. आई समोर बसून लसूण सोलत होती. ती पाहत होती की नुसती त्या दिशेला तोंड करून बसली होती, हे मला दारातून ठरवता आलं नाही. मी बराच वेळ थांबले, तरी नाही.

"येते आई."

"गोंदियात खोली पाह्य आता," ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "रोजचं जानं-येनं कायले करतं."

मी चप्पल घातली.

"पाहू," मी म्हटलं.